सूट कोणाच्या पदरची?

लग्नाचा बस्ता बांधायला दोन्ही घरची मिळून वीस-पंचवीस माणसे कापडाच्या दुकानात शिरली, पहिल्या वस्त्राला हळदकुंकू लावून झाले, आणि मग देवाचे वस्त्र, नवरीचा शालू, हळदीचे पातळ, करवलीची साडी, मामाचा आहेर, व्याह्यांची टॉवेल-टोपी अशा वहिवाटीच्या क्रमाने चार-पाच तास गठ्ठ्यांमागून गठ्ठे उलगडले गेले, की अखेरीस दुकानाचा मालक कागदावर बेरीज मांडतो. आणि ती बेरीज त्याने वाचून दाखवताच, इतका वेळ तक्क्याला टेकून, रंगांविषयी अथवा काठापदरांविषयी चकार शब्द न काढता स्वस्थ बसलेला घरातील एखादा वडीलधारा गृहस्थ पुढे सरकतो. "शेठ, आता आमच्याकडे बघून काय ते सोडा," एवढेच तो म्हणतो. शेठ हसतो, पोऱ्याला पुन्हा चहा सांगतो, यंदा मालच कसा चढ्या भावाने आला याची कैफियत ऐकवतो, याच घरच्या थोरल्या मुलाचा बस्ताही आपल्याच गादीवर बांधला गेला होता याची आठवण काढतो, आणि मग बेरजेच्या शेवटच्या आकड्यांवर काट मारून वर नवरीच्या आईसाठी एक साडी ठेवून देतो. मंडळी संतुष्ट होऊन उठतात.

ही काट आणि ही साडी किमतीत आधीच धरलेली असते, हे मालक जाणतो, तो वडीलधाराही जाणतो, आणि घरातल्या सुनाबाळांनाही त्याची कल्पना नसते असे नाही. तरीसुद्धा, माल कितीही चोख आणि भाव कितीही वाजवी असला तरी, जेथे एक रुपयाही सुटत नाही अशा दुकानातून आपली माणसे खट्टू होऊनच बाहेर पडतात. किती सुटले यापेक्षा ते आपल्याकडे बघून सुटले, ही गोष्ट घरी जाऊन चार वेळा सांगितली जाते. सवलतीविषयी ग्राहकाच्या मनात जी ओढ असते तिचा मोठा हिस्सा या मानाचा असतो. आणि मान मिळाल्याच्या समाधानात एक चौकशी मात्र हटकून राहून जाते, ती ही की सुटलेला पैसा सुटला तो नेमका कोणाच्या पदरातून? आपल्याकडील पेठांचा गेल्या अडीचशे-तीनशे वर्षांचा इतिहास या एका प्रश्नाच्या अनुरोधाने पाहिला, तर पुष्कळ गोष्टींवर प्रकाश पडतो.

पेशवाईत बाजारातील सवलतीचा पहिला हक्कदार ग्राहक नव्हता, दुकानदार होता. नवी पेठ वसवावयाची म्हणजे ओसाड जागेवर वाणी-उदमी, सराफ, कासार, तांबट, साळी यांना आणून बसवावयाचे, आणि ते तर जुन्या ठिकाणची बसलेली घडी मोडून सुखासुखी येणार नाहीत. म्हणून सरकारातून कौल दिला जाई. अमुक वर्षेपर्यंत जकात व घरपट्टी माफ, त्यानंतर इस्ताव्याने, म्हणजे दरसाल थोडी थोडी चढवीत, पूर्ण वसुलावर यावयाचे, अशी त्या कौलांची सर्वसाधारण धाटणी असे. पेठेची व्यवस्था पाहण्यास शेटे व महाजन हे वतनदार नेमलेले असत. पुण्याच्या कसब्याभोवती ज्या पेठा अठराव्या शतकात एकामागून एक वाढत गेल्या, त्यांच्या भरभराटीमागे या माफीच्या धोरणाचा वाटा लहान नाही. येथे सोडणारे सरकार होते, आणि आज सोडलेला वसूल पुढे पेठ नांदती झाली म्हणजे सव्याज पदरात पडेल, या हिशोबाने ते सोडीत होते. कागदावर कौल असल्यामुळे या सवलतीत संदिग्ध असे काही नव्हते.

ग्राहकासाठी सरकारने काही केलेच नाही असे नाही. शहरात जिनसांचे भाव आवाक्यात ठेवणे हे कोतवालाच्या कामांपैकी एक काम होते, आणि निरख, म्हणजे सरकारी दर, ठरवून देण्याची चाल होती. पण निरख ठरला तरी माप दुकानदाराच्याच हातात राहते. धान्य त्या काळी तोलून देण्यापेक्षा मापूनच दिले जाई. शेर, अधोली, पायली ही मापे काठोकाठ भरल्यावर वर शीग किती चढवायची, हा भाग माप घालणाऱ्या हाताच्या उदारतेवर सोपवलेला होता. ओळखीच्या गिऱ्हाइकाला शिगोशीग माप मिळे; अनोळखी माणसाचे माप त्याच पायलीत, त्याच भावाने, पण काठाशी येऊन थांबे. भाव न बदलता दिलेली ही सूट बाजाराच्या दिवशी हजार लोकांसमक्ष दिली-घेतली जाई आणि तिची नोंद कोणत्याही वहीत होत नसे. भाजीवाली आजही जुडी मोजून झाल्यावर कोथिंबिरीच्या चार काड्या नि दोन मिरच्या पिशवीत टाकते, तो याच प्रथेचा अवशेष होय. आणि त्या काड्या टाकायला ती विसरली तर सुशिक्षित गृहिणीसुद्धा जागची हलत नाही, हे मंडईत कोणालाही पाहता येईल.

या उदारतेच्या शेजारीच कपातीचाही मोठा कारभार चाले. पेशवाईच्या मुलखात अंकुशी, चांदवडी अशा नाना टांकसाळींचे रुपये चालत, आणि ज्याच्या हाती कमी कसाचे नाणे असे त्याच्या रुपयावर सराफ बट्टा कापून घेई. म्हणजे भाव चुकवण्यात आणा-दोन आणे वाचवणाऱ्या माणसाने ते सराफाच्या पेढीवर आधीच गमावलेले असत. १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या मुलखात एकाच वजनाचा व कसाचा रुपया सुरू केल्यावर ही कटकट हळूहळू मिटली. शेतकऱ्याच्या मालावरचा कडता मात्र मिटला नाही. माल अडत्याच्या वखारीत उतरला की ओल, माती, घट अशा सबबींखाली मणामागे काही वजन वजा व्हायचे, मग हमाली, तोलाई, धर्मादाय आणि अडत. आणि भाव तर रुमालाखाली हाताची बोटे दाबून ठरायचा, त्यामुळे ज्याचा माल त्यालाच तो सर्वांत शेवटी कळायचा. वऱ्हाडात १८९७ च्या कापूस व धान्य बाजारांच्या कायद्याने आणि मुंबई इलाख्यात १९३९ च्या शेतमाल बाजार कायद्याने या कपातींना वेसण घालण्याचा यत्न केला, तो एवढ्यासाठीच. शहरातल्या गिऱ्हाइकाला वाण्याने मापावर घातलेली ओंजळ पुष्कळदा या कडत्यातूनच निघालेली असे. ज्या कुणब्याच्या पोत्यातून ती निघाली त्याचे नाव त्या गिऱ्हाइकाला कधी कळले नाही, आणि कळावे असे वाटण्याचे त्याला काही कारणही पडले नाही.

मग एकच भाव लिहिलेली दुकाने आली. पॅरिसमध्ये अरिस्तीद बूसिको याने १८५२ पासून 'बाँ मार्शे' या दुकानात हात घालून जी पद्धत रुजवली, तीत प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी असे, भाव सर्वांना एकच असे, आणि न आवडलेली वस्तू परत करता येत असे. ती पद्धत विलायती पेढ्यांबरोबर मुंबईच्या कोटात दाखल झाली. हॉर्नबी रोडवरील व्हाइटवे लेडलॉ हे तिचे ठळक उदाहरण. तेथे उधारीचे खाते नसे, रोख मोजावे लागे, आणि त्यावरून त्या पेढीच्या नावाचा 'राइट-अवे अँड पेड-फॉर' असा विनोदही इंग्रजी बोलणाऱ्या मंडळींत प्रचलित होता. तिथून जवळच १८६९ मध्ये पुरी झालेल्या क्रॉफर्ड मार्केटात मात्र घासाघीस पूर्ववत् चालू राहिली, आणि पुण्याला १८८६ मध्ये उघडलेल्या रे मार्केटातही तिला कोणी अटकाव केला नाही. (या दोन्ही मंडयांना आज महात्मा फुल्यांचे नाव आहे. पुण्याच्या मंडईवरचा अवाढव्य खर्च अस्थानी आहे, तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, असा विरोध नगरपालिकेचे सभासद या नात्याने जोतीरावांनीच केला होता. कोणाचा पैसा कोणासाठी खर्च होतो हे विचारणारा एक तरी माणूस त्या सभागृहात होता, एवढ्यापुरते ते नाव तेथे शोभते.)

एकच भावाच्या पाटीविषयी आपल्या लोकांना प्रेम कधीच वाटले नाही. ती पाटी उर्मट वाटली, आणि तिच्याखाली बसणारा दुकानदार आढ्यतेखोर. परंतु शांतपणे विचार केला तर घासाघिशीत चतुर गिऱ्हाइकाने जे वाचवले ते दुकानदार आपल्या पदरचे क्वचितच देतो. ते तो पुढच्या संकोची, घाईतल्या अथवा परगावच्या गिऱ्हाइकाकडून भरून काढतो. तुळशीबागेत अर्ध्या किमतीला वस्तू आणल्याचा आनंद ज्या घरी साजरा होतो, त्या आनंदाचे पैसे त्याच दिवशी दुसऱ्या कोणीतरी मोजलेले असतात. एकच भावाने हा अन्याय दूर केला. शाळकरी पोराला चिठ्ठी देऊन दुकानात पाठवता येऊ लागले, आणि मोलमजुरी करणाऱ्या बाईला व बंगलेवाल्याला एकच पैसा पडू लागला. जे गेले ते इतकेच, की दुकानदाराने तोंड पाहून भाव सांगण्यात असलेली आपुलकी आणि तीत दडलेला पक्षपात, दोन्ही एकदमच गेली.

ही पोकळी पुढे सेलने भरली. भाव सर्वांना एकच असला म्हणजे तो कमी करावयाचा तोही सर्वांना मिळूनच करावा लागतो. म्हणून हंगाम संपताना उरलेला माल उतरत्या भावाने काढून टाकण्याची विलायती रीत निघाली. आपल्याकडे तिने पंचांगाशी जमवून घेतले. आषाढात, पौषात आणि पितृपंधरवड्यात मंगल खरेदी होत नाही, दुकाने ओस पडतात, तेव्हा सेलचे कापडी फलक लागतात. साडेतीन मुहूर्तांना मात्र गिऱ्हाईक आपणहून येते, तेव्हा सूट ही आमंत्रणापुरती. सराफांनी तर सोन्याच्या भावाला हातच लावला नाही. तो दर जगजाहीर, त्यात सोडायचे काय? त्यांनी घडणावळीत सूट ठेवली, कारण घडणावळ म्हणजे काय नि किती, हे गिऱ्हाइकाला स्वतंत्रपणे पडताळून पाहता येत नाही. आणि जेथे मूळ आकडाच डोळ्यांआड असतो तेथे त्यातून काय सुटले हे मोजायला आधार उरत नाही.

याच्या अगदी उलट टोकाचा एक काळ होऊन गेला, आणि तो विसरला जाऊ नये. १९०५ च्या वंगभंगानंतर स्वदेशीची जी लाट आली, तीत ग्राहकाला स्वस्ताईचे आमिष कोणी दाखवले नाही. जाडेभरडे असले, महाग असले, तरी देशी घ्या, असेच त्याला सांगण्यात आले. दादाभाई नवरोजींच्या अध्यक्षतेखाली १९०६ साली कलकत्त्यास भरलेल्या राष्ट्रीय सभेने स्वदेशीचा ठराव केला, त्यात काही झीज सोसूनही देशी मालाला प्राधान्य द्यावे, असा स्पष्ट आशय आहे. मुंबईत स्वदेशी मालाचे भांडार निघाले ते याच भरात. येथे जादा पैसा ग्राहक स्वतःच्या पदरचा घालीत होता, तो कशासाठी घालतो हे त्याला ठाऊक होते, आणि त्यातही मान होताच. सवलत घेण्यात जसा मान असतो तसा ती नाकारण्यातही असतो, हे त्या पिढीने आचरून दाखवले. हॉर्नबी रोडला पुढे दादाभाईंचे नाव मिळाले, आणि व्हाइटवे लेडलॉच्या त्याच इमारतीत खादी भांडार आले, हा योगायोग इतिहासाने स्वतःच जुळवून आणलेला आहे.

टंचाईच्या काळात सवलतीचे नावच निघत नाही. महायुद्धात, मे १९४३ मध्ये, मुंबई शहरात शिधापद्धती सुरू झाली, तेव्हा ग्राहकाची सारी चिंता माल मिळेल की नाही एवढ्यापुरती उरली, आणि पाटीवरच्या भावाने धान्य मिळणे हीच मेहरबानी ठरली. १९४८ मध्ये नायगावच्या कामगार वस्तीत अपना बाजारची सहकारी मुहूर्तमेढ रोवली गेली, ती या अनुभवाच्या पाठीवर. सहकारी दुकानाची मूळ कल्पना इंग्लंडमधील रॉचडेलच्या विणकरांची, १८४४ सालची: माल बाजारभावाने विकायचा आणि वर्षाअखेर जो नफा उरेल तो ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात सभासदांना परत करायचा. ही सूट ग्राहकाला त्याच्याच पैशांतून मिळते, हे येथे लपवण्याचे कारणच नाही, कारण दुकानाचा मालक तोच. १९७२ पासून मृणाल गोरे व अहिल्याबाई रांगणेकर यांच्या पुढाकाराने मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हाही त्यांनी सवलत मागितली नाही. तेल, रॉकेल, साखर, धान्य रास्त भावाने मिळावे, एवढीच ती मागणी होती. 'रास्त भाव' या शब्दांत जो स्वाभिमान आहे तो पुढच्या पिढीच्या 'भव्य सवलत' या शब्दांत मला आढळत नाही.

मुबलकता आली तशी सवलतही आली, आणि तिच्या मागोमाग लबाडी. भाव आधी वाढवून मग कमी करावयाचा, आणि कमी केल्याचे तेवढे ढोल वाजवावयाचे, हा प्रकार इतका बोकाळला, की सच्चर समितीच्या शिफारशींवरून १९८४ मध्ये मक्तेदारी व निर्बंधक व्यापारप्रथा कायद्यात दुरुस्ती करून 'अनुचित व्यापारप्रथा' असे नवे प्रकरण घालावे लागले. खोटी सवलतीची किंमत जाहीर करणे, जिची किंमत मालातच वसूल केली आहे ती वस्तू फुकट म्हणून देणे, देण्याचा इरादा नसताना बक्षिसे जाहीर करणे, ही कृत्ये तेव्हापासून कायद्याच्या कक्षेत आली, आणि १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही पुढे त्यांना आपल्यात सामावून घेतले. १९९० मध्ये दुसरा एक नियम झाला. तोवर वेष्टनावर किमतीपुढे 'स्थानिक कर वेगळे' असे छापून दुकानदाराला वाटेल तो आकडा वर चढवता येत असे. ते बंद होऊन सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे सक्तीचे झाले. ग्राहकाचे हे मोठे संरक्षण खरेच. पण कमाल किंमत किती छापावी यावर बहुतेक जिनसांच्या बाबतीत मर्यादा नाही. ती उत्पादक ठरवतो. छापील आकडा उंच ठेवला की त्याखाली कितीही सूट देण्यास मैदान मोकळे होते, आणि कायद्याने बांधलेल्या कुंपणालाच टेकून सवलतीचा फलक उभा करता येतो. तसे झाले आहे.

मॉलच्या युगाविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही. ते सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. २६ जानेवारी २००६ या दिवशी बिग बझारने 'सब से सस्ता दिन' जाहीर केला, तेव्हा लोटलेली गर्दी इतकी अनावर झाली की ठिकठिकाणची दुकाने बंद करावी लागली. मुंबईत लोअर परळला ज्या फिनिक्स मिलच्या आवारात पूर्वी कापड निघत होते तेथे कापडाची विक्री होऊ लागली. कारखाना गेला आणि सेल आला. याच सुमारास दुसरा एक प्रयोग शांतपणे चालू होता. राधाकिशन दमाणी यांनी १९९९ मध्ये नेरूळला अपना बाजारचीच एक शाखा चालवावयास घेतली, त्या पद्धतीने त्यांचे समाधान झाले नाही, आणि २००२ मध्ये पवईला त्यांनी डी-मार्टचे पहिले दुकान उघडले. सेलचे दिवस वेगळे नाहीत, बाराही महिने छापील किमतीहून कमी भाव, पुरवठादाराला पैसे लवकर देऊन त्याच्याकडून भाव उतरवून घ्यायचा, असे या दुकानांचे धोरण आहे. घाऊक कापडबाजारात रोखीच्या गिऱ्हाइकाला व्यापारी जो वटाव देत असत, त्याचेच हे विस्तारित रूप म्हणता येईल. तेथे सूट येते ती पुरवठादाराच्या पदरातून, आणि रोख पैसा लवकर मिळतो म्हणून तोही ती सोसतो. ग्राहकाला मात्र तेथे कोणी ओळखत नाही, आणि बिलावर छापलेल्या 'आपण इतके वाचवले' या ओळीवरच त्याला मानाची तहान भागवावी लागते. आश्चर्य हे, की ती भागते. बिल हाती येताच मालाच्या यादीआधी लोक ती ओळ वाचतात.

या सर्वांहून निराळी अशी एक सूट आपल्या देशात सुमारे साठ वर्षे चालली, आणि तिचा उल्लेख मी शेवटी राखून ठेवला आहे. गांधीजयंतीच्या सुमारास खादी भांडारांपुढे रांगा लागत. शिक्षक, कारकून, राजकीय कार्यकर्ते, आणि एरवी खादीला हातही न लावणारे संसारी लोक चादरी, सतरंज्या व कोटाचे कापड त्या पंधरवड्यात घेऊन ठेवत. खादीवरील त्या सवलतीच्या, म्हणजे रिबेटच्या, मागे १९५३ चा एक कायदा होता. खादी व हातमाग यांच्या विकासासाठी गिरणीच्या कापडावर वारामागे तीन पै जादा अबकारी त्या कायद्याने बसवण्यात आली, आणि त्या निधीतून या धंद्यांना साहाय्य देण्यास प्रारंभ झाला. म्हणजे मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटात गिरणीचे लुगडे घेणाऱ्या बाईने वारामागे एक पैसा अधिक द्यावा आणि त्यातून सूत कातणाऱ्या व माग चालवणाऱ्या माणसाचा माल स्वस्तात खपावा, अशी ती रचना होती. ती योग्य होती की अयोग्य, यावर गिरणीमालकांनी व अर्थशास्त्रज्ञांनी पुष्कळ वाद घातले. रिबेटच्या दिवसांत विक्री फुगते आणि उरलेल्या वर्षात भांडारे ओस पडतात, हा आक्षेप तर खादीच्या कार्यकर्त्यांनाही मान्य होता. अखेर १ एप्रिल २०१० पासून विक्रीवरील सरकारी सूट बंद करून तिच्या जागी उत्पादनाच्या मूल्यावर साहाय्य देण्याची योजना आली, ज्यात कारागिराचा वाटा नियमानेच ठरवलेला आहे. आज भांडारांत जी सूट दिसते ती संस्था आपल्या हिशोबाने देतात. पण कोणाकडून पैसा घ्यायचा आणि कोणाला सोडायचा, हे संसदेत चर्चा करून, दर ठरवून, कलमात लिहून ठेवणारी सूट आपल्या बाजाराच्या इतिहासात मला ही एकच दिसते, आणि हिशोबाच्या सचोटीत, तिच्या सर्व दोषांसह, मी तिला पहिला क्रमांक देतो.